पेन परत द्या

पिकाल्योवो हे रशियाच्या लेनिनग्राद प्रांतातलं वीस-बावीस हजार वस्तीचं गाव. गावात तीन कारखाने, आणि तिन्ही एकमेकांत अडकलेले. एकाचा उरलेला गाळ हा दुसऱ्याचा कच्चा माल. 2008च्या मंदीत मालकांचं कच्च्या मालाच्या भावावरून बिनसलं आणि तिन्ही कारखाने थंडावले. पगार थकले. गॅसचं बिल न भरल्यामुळे घरांतलं गरम पाणीही बंद झालं. 2 जून 2009 रोजी गावकरी घराबाहेर पडले आणि महामार्ग अडवून बसले.

दोनच दिवसांनी तेव्हाचे पंतप्रधान व्लादिमीर पुतिन गावात हजर. कॅमेरे आधीच लागलेले. कारखान्यांच्या मालकांना समोर बसवून त्यांनी फैलावर घेतलं: मी येणार म्हटल्यावर झुरळांसारखी धावाधाव केलीत, मग आधी काय झालं होतं? नंतर कराराचा कागद पुढे सरकवला आणि पेन टेबलावर फेकलं. देरिपास्का यांची सही दिसत नाही, या इकडे, असा हुकूम सुटला.

ओलेग देरिपास्का म्हणजे कोणी ऐरागैरा नव्हे. आदल्याच वर्षी ‘फोर्ब्स’च्या यादीत ते रशियातले सर्वांत श्रीमंत होते, 2,800 कोटी डॉलरचे धनी. ते उठून आले, कागदावर नजर टाकल्यासारखं केलं, सही ठोकली आणि परत जायला वळले. मागून आवाज आला: “पेन परत द्या.”

ती चित्रफीत मी कितीतरी वेळा पाहिली आहे. दर वेळी त्या पेनाशी येऊन थांबतो. थकलेले पगार त्याच दिवशी चुकते करायचे आदेश निघाले, टीव्हीवर दिवसभर तेच दृश्य फिरलं आणि देशभरातल्या पगारदारांच्या काळजाला थंडावा मिळाला. कोणीतरी त्या शेटजींना विचारलं बाबा!

त्या चित्रफितीत एक गोष्ट नाही. 2008च्या शेवटी देरिपास्कांची ‘रुसाल’ ही ॲल्युमिनियम कंपनी कर्जात बुडत होती, तेव्हा रशियाच्या सरकारी विकास बँकेने तिला 450 कोटी डॉलरचं कर्ज देऊन वाचवलं होतं. आणि या बँकेच्या देखरेख मंडळाच्या अध्यक्षपदी होते पंतप्रधान पुतिनच. म्हणजे बंद दाराआड ज्या हाताने ताट वाढलं, कॅमेऱ्यासमोर त्याच हाताने कान पिळला. एका कारखान्यावर अख्खं गाव टांगून ठेवणारी ती जुनी सोव्हिएत रचना, मंदीत कामगारांना आधार द्यायची सरकारची जबाबदारी, गावाची गॅसची थकबाकी, यांतलं काहीही त्या टेबलावर आलं नाही. सगळा राग एका माणसाच्या सहीत जिरला.

रशियातल्या या धनाढ्यांना ‘ओलिगार्क’ म्हणतात. मूळ ग्रीक शब्द, अर्थ साधारण ‘मूठभरांची सत्ता’. आपल्याकडे ‘धनदांडगे’ म्हणतात तेच, पण रशियातल्या शब्दाला सरकारी वास जास्त. हे लोक सत्तेला पैसा पुरवतात, सत्ता वाकवतात, हे आपण ऐकून असतो. त्यांचं दुसरं काम क्वचितच बोललं जातं: सत्तेच्या वाटणीच्या शिव्या खाणं. ही दोन्ही कामं एकाच व्यवहारातून कशी निघाली, ते समजून घ्यायचं तर 1990च्या दशकात जावं लागतं.

लोकवाङ्मय गृहाच्या प्रदर्शनातून स्वस्तात घेतलेली गुळगुळीत कागदाची रशियन पुस्तकं वाचत जी मराठी पिढी वाढली, तिला सोव्हिएत संघ म्हटलं की ट्रॅक्टर, अंतराळवीर आणि बर्फातली लाकडी घरं आठवतात. त्या देशात शेटजी हा प्राणीच नव्हता. डिसेंबर 1991मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि पाच वर्षांच्या आत तिथे जगातले काही सर्वांत श्रीमंत लोक तयार झाले. आकाशातून पडले की काय?

2 जानेवारी 1992 रोजी सरकारने बहुतेक वस्तूंच्या भावांवरचं नियंत्रण काढलं. वर्षअखेर भाव सुमारे 25 पट झाले होते. जन्मभराची बचत बँकेच्या पासबुकातल्या पासबुकात वाफ होऊन गेली. त्याच वर्षी सरकारने प्रत्येक नागरिकाला, तान्ह्या बाळासकट, 10,000 रूबल दर्शनी किमतीचं एक व्हाउचर दिलं. सरकारी कारखान्यांतला तुमचा हिस्सा म्हणून. या योजनेचे सूत्रधार अनातोली चुबाइस यांनी सांगितलं होतं, की एका व्हाउचरची किंमत पुढे दोन व्होल्गा मोटारींएवढी होईल. प्रत्यक्षात चूल पेटेना म्हणून लोकांनी ती मिळेल त्या भावाला फुंकली, आणि ज्यांच्याकडे रोकड होती त्यांनी गठ्ठ्यांनी गोळा केली.

पण खरी मोठी गोम पुढे आहे. तेल आणि निकेलच्या बड्या कंपन्या अजून सरकारकडेच होत्या. 1995 उजाडलं तेव्हा तिजोरीत खडखडाट, चेचन्यात युद्ध, पेन्शनी थकलेल्या आणि वर्षभराने राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक. तेलकंपन्या थेट विकायला संसदेचा विरोध. तेव्हा व्लादिमीर पोतानिन नावाच्या तरुण बँकरने मंत्रिमंडळापुढे एक तोडगा मांडला: विकू नका, तारण ठेवा.

आपण अडीनडीला सराफाकडे पाटल्या तारण ठेवतो तसंच. बँकांनी सरकारला कर्ज द्यायचं, सरकारने कंपन्यांचे शेअर तारण म्हणून द्यायचे. मुदतीत कर्ज फेडलं तर शेअर परत. नाही फेडलं तर बँकेने ते लिलावात विकून आपले पैसे वसूल करायचे. कागदावर स्वच्छ व्यवहार. 31 ऑगस्ट 1995 रोजी राष्ट्राध्यक्ष बोरिस येल्त्सिन यांनी हुकमावर सही केली.

आता यातली मेख पाहा. कोणती बँक कर्ज देणार हे ठरवायला लिलाव व्हायचे, आणि तो लिलाव चालवायचं काम त्यातच रस असलेल्या बँकेकडे. ‘नोरिल्स्क निकेल’चे 38 टक्के शेअर तारण होते, सुरुवातीची किंमत 17 कोटी डॉलर. लिलाव चालवला पोतानिन यांच्या बँकेने. दुसऱ्या एका बँकेने तब्बल 35.5 कोटींची बोली आणली. ‘तुमच्या भांडवलाच्या मानाने बोली फार मोठी आहे’ म्हणून ती बाद झाली, आणि पोतानिन यांची बँक 17 कोटी 1 लाखाला जिंकली. मिखाइल खोदोरकोव्स्की यांच्या बँकेने ‘युकोस’ या तेलकंपनीचा लिलाव चालवला. प्रतिस्पर्धी तांत्रिक कारणांवरून बाद, आणि 45 टक्के हिस्सा 15.9 कोटी डॉलरला खोदोरकोव्स्की यांच्याच गोटात. ‘सिबनेफ्त’चा 51 टक्के हिस्सा बोरिस बेरेझोव्स्की आणि रोमान अब्रामोविच यांच्याकडे गेला, 10 कोटी 3 लाखांना, सुरुवातीची किंमत होती 10 कोटी. दहा वर्षांनी, 2005मध्ये, याच कंपनीचा सुमारे 73 टक्के हिस्सा सरकारी ‘गाझप्रोम’ने 1,310 कोटी डॉलर मोजून परत विकत घेतला. कुंपणाने शेत खाल्लं आणि मग तेच पीक शेतकऱ्याला बाजारभावाने विकलं!

बरं, बँकांनी कर्जाला पैसा कुठून आणला? सरकारची स्वतःची रोकड याच खासगी बँकांत ठेवलेली असायची. म्हणजे सरकारला सरकारचेच पैसे उसने मिळाले, असं म्हणायला भरपूर जागा आहे.

यातलं वेळापत्रक मात्र अफाट हुशारीचं होतं. शेअर तारण पडले 1995च्या शेवटी. ते कायमचे बँकांच्या नावावर व्हायचे होते सप्टेंबर 1996नंतर. आणि निवडणूक? जून 1996मध्ये. कम्युनिस्ट उमेदवार गेन्नादी झ्युगानोव निवडून आले असते तर तारणाच्या पाटल्या सराफाच्या हातून गेल्याच म्हणून समजा. येल्त्सिन हरले तर आपण रस्त्यावर, हे प्रत्येक बँकरला कळत होतं. येल्त्सिन यांची लोकप्रियता तेव्हा इतकी घसरली होती, की काही पाहण्यांत ती एक आकडी होती. सरकारने देशाची मालमत्ता कवडीमोलाने दिली ती वेडेपणाने, असं पुष्कळ जण म्हणतात. मला तसं वाटत नाही. सरकारने निवडणुकीतला पाठिंबा विकत घेतला, आणि किंमत स्वतःच्या खिशातून न देता देशाच्या खिशातून दिली.

फेब्रुवारी 1996मध्ये स्वित्झर्लंडमधल्या दावोसला हे धनिक येल्त्सिन यांच्या पाठीशी एकत्र आले. एरवी एकमेकांच्या गळ्यावर सुरी ठेवणारे बेरेझोव्स्की आणि गुसिन्स्की हेही त्यात होते, आणि देशातल्या दोन बड्या टीव्ही वाहिन्यांवर या दोघांचा ताबा. गुसिन्स्की यांच्या ‘एनटीव्ही’चे प्रमुख तर थेट येल्त्सिन यांच्या प्रचारात सामील झाले. पैसा कसा वाहत होता याचा नमुना 19 जूनला दिसला: सरकारी मुख्यालयातून बाहेर पडणारे येल्त्सिन यांच्या प्रचारातले दोघे झेरॉक्स कागदाच्या खोक्यासह पकडले गेले. खोक्यात कागदाऐवजी नोटा, 5 लाख 38 हजार डॉलर. दुसऱ्या दिवशी निकाल लागला, पण उलटा. नोटा नेणारे सुटले आणि पकडायला लावणारे सुरक्षाप्रमुख घरी गेले. मतदानाच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये येल्त्सिन यांना हृदयविकाराचा झटका आला. मतदारांना ती बातमी कळू दिली नाही. 3 जुलैला ते 53.8 टक्के मतांनी जिंकले.

मग वसुली. पोतानिन उपपंतप्रधान झाले, बेरेझोव्स्की सुरक्षा परिषदेचे उपसचिव. बेरेझोव्स्की यांनी एका ब्रिटिश दैनिकाला सांगून टाकलं, की आम्ही सात जण देशाची निम्मी अर्थव्यवस्था चालवतो. आकडा फुगवलेला होता, पण बढाई लोकांच्या मनात रुतून बसली. रशियन लोकांनी नाव ठेवलं ‘सेमीबँकिरश्चिना’, सात बँकरांचं राज्य. 1610मध्ये मॉस्कोत सात सरदारांनी सत्ता हातात घेतली होती, त्या बदनाम काळावरची ही कोटी.

ही बढाई त्यांच्या अंगाशी आली, आणि इथूनच दुसरं काम सुरू होतं. रशियात शतकानुशतकांची एक समजूत आहे: झार चांगला, त्याचे सरदार वाईट. राजाला खरं काय ते कळत नाही, मधले लोक त्याला फसवतात. आपल्याकडेही ‘साहेब चांगले आहेत हो, आजूबाजूची माणसं वाईट’ हे वाक्य चहाच्या टपरीवर रोज ऐकू येतं. या समजुतीला सरदार लागतात. 1917नंतर खरे सरदार उरले नव्हते. 1990च्या दशकाने नवे तयार करून दिले, मर्सिडीजमधले.

तोवर दोषाचं सगळं टपाल चुबाइस यांच्या नावावर येत होतं. ‘सगळ्याला चुबाइस जबाबदार’ हे वाक्य रशियात म्हणीसारखं रूढ झालं, वीज गेली तरी लोक गमतीने तेच म्हणत. पण मंत्री हा शेवटी सरकारचाच माणूस. त्याला दिलेली शिवी वरपर्यंत पोहोचते. श्रीमंत माणूस बरा. तो बाहेरचा आहे, दिसतो, त्याची नौका दिसते, आणि त्याने खरोखर काहीतरी केलेलं असतं. माझ्या मते हे शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. निर्दोष माणसावर खापर फुटत नाही, ते हातात राहतं. बळीचा बकरा म्हणून असा बोकड लागतो ज्याने एकदा तरी शेजाऱ्याच्या शेतात तोंड घातलंय.

ऑगस्ट 1998मध्ये सरकारने आपलं कर्ज बुडवलं, रूबल कोसळला, लोकांच्या ठेवी दुसऱ्यांदा गेल्या. रागाला आता एकच पत्ता होता. 31 डिसेंबर 1999ला येल्त्सिन पायउतार झाले आणि पुतिन आले. त्यांना पुढे आणण्यात बेरेझोव्स्की आणि त्यांच्या वाहिनीचा मोठा हात. बेरेझोव्स्की यांना वाटलं, आणखी एक राष्ट्राध्यक्ष आपण बसवला. हिशेब साफ चुकला होता.

12 ऑगस्ट 2000. बॅरेंट्स समुद्रात ‘कुर्स्क’ ही अणुपाणबुडी बुडाली, 118 जण गेले. पुतिन काळ्या समुद्राकाठच्या सोचीत सुट्टीवर होते आणि पहिले काही दिवस तिथेच राहिले. परदेशी मदत घ्यायला आरमाराने टाळाटाळ केली. वाहिन्यांवर रडणाऱ्या आया आणि सुट्टीवरचा राष्ट्राध्यक्ष, दोन्ही शेजारी-शेजारी दिसू लागले. 22 तारखेला पुतिन विद्यायेवोच्या आरमारी तळावर नातेवाइकांसमोर उभे राहिले. तिथे त्यांनी दोष दिला तो टीव्हीच्या मालकांना: आज जे सर्वांत मोठ्याने गळा काढताहेत, त्याच लोकांनी गेली दहा वर्षं लष्कराची आणि आरमाराची वाट लावली. लगेच नंतरच्या मुलाखतीत टोमणा मारला, की खलाशांच्या कुटुंबांसाठी निधी गोळा करणाऱ्यांनी फ्रान्स-स्पेनच्या किनाऱ्यावरचे आपले बंगले विकावेत.

अधिकृत चौकशीत कारण निघालं टॉर्पेडोतल्या इंधनाची गळती आणि स्फोट. त्याचा टीव्हीच्या मालकांशी काय संबंध? थेट काही नाही. आडून मात्र जोडता येतो: यांनी देश लुटला, म्हणून तिजोरी रिकामी, म्हणून आरमार भंगारात. वड्याचं तेल वांग्यावर, पण इथे वांगंही आधीच तेलकट! त्या खोलीतल्या आईला यातलं खरं-खोटं निवडत बसायला वेळ नव्हता.

गुसिन्स्की यांना जूनमध्येच अटक होऊन गेली होती. ते देश सोडून गेले आणि 2001मध्ये ‘एनटीव्ही’ गाझप्रोमच्या ताब्यात आली. बेरेझोव्स्की यांनी ब्रिटन गाठलं. त्यांच्याविषयी पुतिन एका फ्रेंच दैनिकाला म्हणाले होते, की सरकारच्या हातात दांडका असतो. तो एकदाच बसतो, पण डोक्यात बसतो. उरलेल्यांना 28 जुलै 2000 रोजी क्रेमलिनमध्ये बोलावून समज दिली गेली होती. मांडवलीच म्हणा: तुमच्या लिलावांच्या फायली आम्ही उघडणार नाही, तुम्ही राजकारणात पडायचं नाही.

1995चा तो घाणेरडा लिलाव इथे उपयोगी पडला. एरवी आपण म्हणतो, गैरव्यवहार झाला ही व्यवस्थेची चूक. पण सत्तेच्या बाजूने बघा. स्वच्छ व्यवहाराने कंपनी घेतलेला माणूस उद्या कोर्टात ताठ उभा राहील. लिलावात बनवाबनवी करून घेतलेला माणूस आयुष्यभर एका फाइलचा कैदी. ती फाइल उघडली तर लोक टाळ्याच वाजवणार, हे त्यालाही ठाऊक.

खोदोरकोव्स्की हे विसरले, किंवा विसरायचं ठरवलं. फेब्रुवारी 2003मध्ये क्रेमलिनच्या बैठकीत, कॅमेऱ्यांसमोर, त्यांनी सरकारी भ्रष्टाचारावर मांडणी केली आणि ‘रोसनेफ्त’ या सरकारी तेलकंपनीच्या एका खरेदीवर बोट ठेवलं. विरोधी पक्षांना ते पैसाही देत होते. 25 ऑक्टोबरला नोवोसिबिर्स्कच्या धावपट्टीवर त्यांचं विमान इंधनासाठी उतरलं आणि तिथेच त्यांना अटक झाली. आरोप फसवणूक आणि करचुकवेगिरीचे. तशाच पळवाटा इतर तेलकंपन्यांनीही वापरल्या होत्या. त्यांचे मालक घरी जेवत होते. डिसेंबर 2004मध्ये युकोसची मुख्य उत्पादक कंपनी लिलावात निघाली. त्वेर शहरातल्या एका साध्याशा पत्त्यावर नोंदलेल्या, कुणी नावही न ऐकलेल्या कंपनीने 935 कोटी डॉलरना ती घेतली, आणि थोड्याच दिवसांत ही कंपनीच रोसनेफ्तने गिळली. तीच रोसनेफ्त, जिच्याकडे आज ‘नायरा’चा 49 टक्के हिस्सा आहे. आपल्याकडे महामार्गावर नायराच्या पंपावर टाकी भरून घेतो, तेव्हा त्या धावपट्टीचा एक लांबचा धागा तिथवर येतो. हपापाचा माल गपापा म्हणतात, पण या वेळचा लिलावही 1995सारखाच होता. फरक एवढाच, की गपापा करणारं सरकार होतं.

शहाण्यांनी धडा घेतला. अब्रामोविच यांनी बर्फाळ चुकोत्का प्रांताचं राज्यपालपद 2000 ते 2008 सांभाळलं आणि तिथली घरं, शाळा, दवाखाने यांवर खिशातून बक्कळ पैसा ओतला. मध्येच पद सोडायची इच्छा होती म्हणे. पुन्हा नेमणूक झाली. हीसुद्धा एक सहीच.

24 फेब्रुवारी 2022. युक्रेनवर हल्ला सुरू झाला त्याच दिवशी पुतिन यांनी बड्या उद्योगपतींना क्रेमलिनमध्ये बोलावलं. युद्धाचा निर्णय घेताना त्यांना कोणी विचारलं नव्हतं. तरी पाश्चात्त्य सरकारांची बंदी एकेकावर येऊ लागली, नौका जप्त झाल्या, अब्रामोविच यांना चेल्सी फुटबॉल क्लब विकावा लागला. पश्चिमेचा तर्क होता, की हे लोक पुतिन यांच्यावर दबाव आणतील. बेरेझोव्स्कीच्या काळातला नकाशा घेऊन 2022च्या मॉस्कोत रस्ता शोधायचा प्रकार. आणि 16 मार्चला पुतिन यांनी टीव्हीवरच्या भाषणात समाचार घेतला तो मायामीत आणि फ्रान्सच्या किनाऱ्यावर बंगले असणाऱ्यांचा, ज्यांचं मन तिकडेच असतं. बावीस वर्षांनी तेच बंगले पुन्हा कामाला आले.

देरिपास्कांचं नाव अमेरिकेने 2018मध्येच बंदीच्या यादीत टाकलं होतं. अमेरिकी अर्थखात्याने कारणांमध्ये त्यांच्याच एका जुन्या विधानाचा आधार घेतला: मी स्वतःला सरकारपासून वेगळं समजत नाही. हे ते 2007मध्ये, ऐन भरभराटीत, एका मुलाखतीत म्हणाले होते. सरकारने कंपनी सोडा म्हटलं तर सोडून देऊ, असंही त्याच मुलाखतीत. पिकाल्योवोच्या त्या टेबलाला तेव्हा अजून दोन वर्षं होती.